सगळे उरकल्यावर बसायचे, हा हिशेब सोडा

वाचकांचे पत्र, थोडक्यात: इंदूरहून एका बेचाळीस वर्षांच्या भगिनीने लिहिले आहे. त्या विजयनगर भागातील एका बँकेच्या शाखेत अधिकारी आहेत. यजमान पीथमपूरच्या कारखान्यात असून त्यांची पाळी दर आठवड्याला बदलते. मुलगी बारावीत आहे, मुलगा सहावीत आहे आणि गुडघ्यांनी थकलेल्या सासूबाई घरात आहेत. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड पहाटे येते. त्या दिवशी साडेचारला आणि एरवी पाचला त्या उठतात, आणि रात्री ओटा आवरेपर्यंत साडेअकरा होतात. अलीकडे सकाळी जबडा दुखतो, मध्यरात्रीनंतर जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. मुलाची कंपासपेटी हरवली, एवढ्यावरून त्या इतक्या ओरडल्या की मुलगा घाबरून गप्प झाला, आणि त्या स्वतः न्हाणीघरात जाऊन रडल्या. योगवर्ग लावून सोडला, मोबाईलवरचे ध्यानाचे ॲप थोडे दिवस चालले. "आता ध्यान राहून गेले याचाही ताण येतो. घरातले सगळे सांगितलेले काम करतात, तक्रारीला जागा नाही. मग मलाच का झेपत नाही? एखादे नीट वेळापत्रक आखून द्याल का, की नोकरीच सोडू?" असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

तुम्ही पत्रासोबत आपल्या दिवसाचा जो आराखडा लिहून पाठवला आहे, त्यात पहाटेपासून रात्रीपर्यंत श्वास घेण्याइतकीही जागा नाही, आणि तरीही शेवटी तुम्ही माझ्याकडे वेळापत्रकच मागता आहात. ते मी देणार नाही. जिला नळाची वेळ, दोन डब्यांतल्या दोन वेगळ्या भाज्या, सासूबाईंच्या गोळ्या, क्लासच्या फीची तारीख आणि शाखेतील अडकलेली कर्जप्रकरणे एकाच वेळी तोंडपाठ आहेत, तिला वेळेचे नियोजन शिकवण्याची काहीही गरज नाही. आणखी चोख वेळापत्रक आखले तर त्यातून वाचलेल्या अर्ध्या तासात तुम्ही कपाट आवराल, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

"मलाच का झेपत नाही" या प्रश्नात तुम्ही असे धरून चालला आहात की हा भार माणसाला सहज पेलवण्याजोगा आहे आणि कमतरता तुमच्यात आहे. तुमचा आराखडा तसे सांगत नाही. साडेअकरानंतर झोपून साडेचारला उठणाऱ्या व्यक्तीची झोप पाच तासांची होते, आणि मध्येच जाग येऊन ती चारांवर येते. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते. चार-पाच तासांच्या झोपेवर महिनोन्‌महिने काढणाऱ्या कोणाचाही संयम कंपासपेटीवरून सुटेल. त्याचा तुमच्या मायेशी काही संबंध नाही. त्या दिवसाबद्दल मुलाशी अद्याप बोलला नसाल तर एकदा बोला. "पेटी हरवली यात तुझी एवढी चूक नव्हती, मी फार थकले होते, माझे ओरडणे चुकले," इतके पुरे आहे. त्यापुढे ते ओझे मनात वागवू नका.

मोठी संकटे माणसाला खचवतात हे आपण सारेच मानतो, पण रोजच्या बारीकसारीक कटकटींना आपण हिशेबात धरत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लॅझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले होते की माणसाच्या मानसिक त्रासाचा अंदाज आयुष्यातील मोठ्या घटनांपेक्षा अशा रोजच्या कटकटींवरून अधिक चांगला बांधता येतो. "तसे आमच्या घरात काही दुःख नाही, सगळे चांगले चालले आहे," असे तुम्ही पत्रात संकोचाने लिहिले आहे. त्या संकोचाचे कारण नाही. ताण वाटण्यासाठी घरात एखादे मोठे दुःख असावेच लागते असे नाही. एकामागून एक येणाऱ्या आणि मध्ये उसंत न देणाऱ्या किरकोळ गोष्टी त्यासाठी पुरेशा असतात.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते, की घरातले सगळे सांगितलेले काम करतात. ते खरेच आहे असे मी धरते. तुमच्या यजमानांबद्दल तुम्ही आपुलकीने लिहिले आहे आणि ते अंग चोरणारे गृहस्थ दिसत नाहीत. पण पाण्याचेच उदाहरण घ्या. आज पाण्याचा दिवस आहे की उद्या, हे कोण लक्षात ठेवते? रात्री गजर कोण लावते? पाणी आल्यावर हौद भरतो आहे की नाही हे कोण पाहते, मोटर लावायला कोण कोणाला सांगते, आणि टाकी वाहू लागली की स्वयंपाकघरातून हाक कोण मारते? मोटरचे बटण यजमान दाबतात, म्हणून ते काम त्यांनी केले असे दोघांनाही वाटते; पण त्या बटणाच्या आधीची आणि नंतरची सगळी व्यवधाने तुमच्या डोक्यात असतात. डबे, गोळ्या, फी, गॅस सिलेंडरचे बुकिंग, शाळेच्या ग्रुपवर आलेली सूचना, या सगळ्यांचे असेच आहे. काम वाटले गेले आहे, पण ध्यानात ठेवणे वाटले गेलेले नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे आणि पुरुषांचे ८८ मिनिटे जातात असे आढळले. आणि ही प्रत्यक्ष हातांनी केलेल्या कामाची मिनिटे आहेत, आठवणीत वाहिलेले काम कोणत्याच तक्त्यात येत नाही.

म्हणून माझी पहिली सूचना अशी आहे की कामे वाटू नका, खाती वाटा. पाणी हे एक पूर्ण खाते आहे. ते यजमानांकडे द्यायचे म्हणजे दिवस लक्षात ठेवण्यापासून टाकी भरेपर्यंत सर्व काही त्यांचे. ज्या आठवड्यात त्यांची रात्रपाळी असेल त्या आठवड्यात कोणाला सांगायचे, हे त्यांनी ठरवायचे. बारावीची मुलगी पहाटे अभ्यासाला उठत असेल तर ते तिच्याशी बोलतील. आणि तुमच्याकडे जमिनीखाली हौद असेल, तर प्लंबरकडून त्याला चांगला बॉलकॉक बसवून घेण्याचा विचारही त्यांनीच करावा. हौद भरला की पाणी आपोआप बंद होते, मग मोटर सकाळी सातला लावली तरी चालते आणि साडेचारला कोणी उठण्याचेच कारण राहत नाही. हा उपाय तुम्हाला सुचला नाही यात नवल नाही, कारण जे काम आपण कसेबसे का होईना रोज निभावून नेतो, ते सोपे करायला कोणी बसत नाही. ते दुसऱ्याच्या अंगावर पडले की त्याला युक्ती सुचते.

खाते दिल्यावर एक गोष्ट तुम्हाला अवघड जाईल, ती आधीच सांगते. एखाद्या दिवशी पाणी भरायचे राहील. त्या दिवशी तुम्ही धावत जाऊन हौदाशी उभ्या राहिलात, की खाते परत तुमच्याकडे आले असे समजा. राहू द्या. शेजारून दोन बादल्या आणाव्या लागतील, टँकर बोलवावा लागेल, तो त्यांनी बोलवावा. तुम्ही रागावू नका, टोमणा मारू नका, आणि आठवणही करून देऊ नका. हे बोलणे भांडणाच्या तोंडावर न करता, त्यांची सकाळपाळी असेल त्या आठवड्यातील एखाद्या संध्याकाळी, सगळे जेवायला बसलेले असताना करा. कोणी कमी पडते आहे असा सूर न लावता, डॉक्टरांनी झोप वाढवायला सांगितले आहे, असे सरळ सांगितलेत तरी चालेल. डॉक्टर तसे सांगतीलच, त्याविषयी पुढे लिहिते.

सासूबाईंना तुम्ही "त्यांचे सगळे बघावे लागते" अशा यादीत घातले आहे. त्यांचे गुडघे थकले आहेत, पण हात, डोळे आणि स्मरण शाबूत आहे असे तुमच्याच पत्रावरून दिसते, कारण शेजारणीकडे कोणत्या महिन्यात कोणते कार्य झाले हे त्या अचूक सांगतात असा उल्लेख तुम्ही केला आहे. ज्यांनी पन्नास वर्षे घर चालवले, त्यांना आता कोणी काही विचारत नाही, हे त्यांनाही सलत असेल. रोजच्या भाजीचा निर्णय त्यांच्याकडे सोपवा. दारावर येणाऱ्या भाजीवाल्याकडून भाजी घेणे, ती बसल्या जागी निवडून ठेवणे, दूधवाल्याचा हिशेब, सिलेंडरची नोंद, स्वतःच्या गोळ्यांचा डबा, ही त्यांची खाती होऊ शकतात. उद्या भाजी कोणती, हा प्रश्न बँकेतून परतताना रोज तुमच्या डोक्यात घोळतो. तो दुपारीच दुसऱ्या कोणी सोडवलेला असेल तर तुमची संध्याकाळ वेगळी जाईल. पोळ्यांना बाई ठेवायला त्यांचा विरोध आहे, असे तुम्ही लिहिता. त्यांना थेट विचारून पाहिले आहे का, की त्यांना आवडणार नाही असे तुम्हीच धरून चालला आहात? विचारा, आणि बाईकडून काम करून घेणे हे त्यांचे खाते ठेवा. तरीही नाहीच म्हणाल्या, तर रात्रीच्या पोळ्यांऐवजी आठवड्यातून तीन दिवस खिचडी आणि कढी ही तडजोड बहुतेक घरांत मान्य होते.

महालक्ष्म्यांबद्दल तुम्ही ओझरते लिहिले आहे की वर्षाच्या अर्ध्या किरकोळ रजा त्या तीन दिवसांत जातात. या दिवसांवर तुमची श्रद्धा आहे, त्यांत काटछाट सुचवण्याचा माझा हेतू नाही. पण सोळा भाज्या, पुरण, कोशिंबिरी आणि पंचवीस पाने हे सगळे एकाच स्वयंपाकघरात, एकाच बाईने करावे असे कोणत्याही व्रतात सांगितलेले नाही. पूर्वी जावा-नणंदा, आत्या, मावश्या मिळून हे करत. आज त्या सगळ्यांचे काम एकटीवर आले आहे आणि पूर्वीचेच माप तुम्ही स्वतःला लावता आहात. जाऊबाई इंदुरातच राहतात, तर पुरण त्यांच्याकडून येऊ शकते. आणि रोजच्या दिवसांबद्दल म्हणाल, तर ज्या शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर सकाळी वाफेवरचे पोहे आणि गरम जिलेबी मिळते, तिथे रविवारच्या नाश्त्यासाठी तुम्ही तरी पहाटे उठू नये. तो नाश्ता मुलगा आणि त्याचे बाबा बाहेरून आणतील.

मनाला जे जाणवते आहे ते सगळे ताणाच्या खात्यावर टाकण्याआधी शरीर तपासून घ्या, आणि हे पुढच्या आठवड्यातच करा. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२, आणि रक्तदाब. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. रक्त कमी असेल तर थकवा, धाप आणि छातीत धडधड होते, आणि आपण मात्र स्वतःला आळशी किंवा चिडखोर ठरवून मोकळे होतो. थायरॉईडचेही तसेच. शिवाय चाळिशीनंतर पाळी जाण्याच्या आधीच्या काही वर्षांत झोप तुटणे आणि चिडचिड होणे हे अनेकींना होते. स्त्रीरोगतज्ज्ञांशी त्याबद्दल मोकळेपणाने बोला. सकाळी जबडा दुखतो म्हणजे तुम्ही बहुधा झोपेत दात खात असाल. दंतवैद्याला दाखवा, दातांवर रात्री बसवायचे आवरण मिळते आणि त्याने दातांची झीज कमी होते.

मध्यरात्रीच्या जागेबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण या सदराकडे येणाऱ्या पत्रांत ही तक्रार सर्वाधिक असते. राहिलेली कामे मनात टोचत राहतात, हा सर्वांचा अनुभव आहे. अमेरिकेतील दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवले की ते काम प्रत्यक्ष पुरे झाले नाही तरी, ते केव्हा आणि कसे करायचे हे नेमके ठरवून टाकले तर मनातली टोचणी बरीच कमी होते. तेव्हा झोपताना नव्हे, जेवणाआधी, एक साधी वही घेऊन बसा आणि डोक्यात जे घोळते आहे ते लिहा. पण नुसते "फी" असे न लिहिता "गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत क्लासची फी ऑनलाईन भरणे" असे लिहा. जे दुसऱ्याच्या खात्यातले आहे ते वहीत लिहायचेच नाही. रात्री जाग आली तर घड्याळ पाहू नका, फोन हातात घेऊ नका. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून मंद उजेडात बसा आणि झोप आली की परत आडव्या व्हा. बँकेत साडेपाचला होणारा चहा मात्र सोडा. चहातील कॅफीनचा निम्मा भाग रक्तातून जायलाच पाचेक तास लागतात, म्हणजे रात्री साडेदहालाही तो तुम्हाला जागे ठेवत असतो.

ध्यान तुम्ही सोडले याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. ध्यान किंवा योग यांचे महत्त्व कमी नाही, परंतु भरगच्च दिवसात ते एकोणिसावे काम म्हणून आले, आणि जे काम म्हणून येते त्याने विसावा मिळत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ सबिने झोनेनटाग यांनी नोकरीतल्या थकव्याचा बराच अभ्यास केला आहे. त्यांचे म्हणणे असे, की काम संपल्यावर मन त्या कामातून खरोखर सुटते का, यावर दुसऱ्या दिवशीची ताजेपणाची पातळी मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. तुमचे मन बँकेतून सुटण्याआधी घरात अडकते आणि घरातून सुटण्याआधी बँकेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाते. या दोन्हींच्या मध्ये कोणाचाही हक्क नसलेली दहा मिनिटे हवीत. तुमच्या शाखेपासून मेघदूत उपवन दूर नाही. स्कूटर लावा, फोन डिकीत ठेवा आणि एका बाकावर बसा. तिथे ध्यान करायचे नाही, यादी आठवायची नाही. जमल्यास श्वास हळू घ्या आणि घेण्याला लागतो त्यापेक्षा अधिक वेळ लावून सोडा. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, आणि अशा पाच-सहा मिनिटांच्या संथ श्वसनाने अंगातली घाई उतरू लागते. न जमल्यास झाडांकडे पाहत बसा. घरी सगळे वाट पाहतात हे खरे, पण दहा मिनिटे उशिरा आलेली शांत आई त्यांना नक्कीच हवी असेल.

इथे तुमचा मनातला आक्षेप मला ऐकू येतो, की घरचे उरकल्याशिवाय असे बसणे बरे दिसत नाही. याच समजुतीने तुम्हाला इथवर आणले आहे. सगळे उरकले की बसू, असे तुम्ही रोज ठरवता. पण घर आणि बँक या दोन्ही जागा अशा आहेत, जिथे काम उरकत नाही, ते फक्त उद्यावर जाते. मग बसण्याची पाळी येत नाही. विश्रांती ही कामाच्या शेवटी मिळणारी बक्षिसी नाही. पुढचे काम नीट व्हावे म्हणून ती मध्ये मध्येच घ्यावी लागते. ओटा रात्री अर्धवट आवरलेला राहिला तर राहू द्या, आणि साडेदहाला दिवा मालवा. सुरुवातीला अपराधी वाटेल, झोपही लगेच लागणार नाही. तीन-चार आठवडे नेटाने करा.

ज्यांचे घर तुमच्यासारखे भरलेले नाही, अशाही वाचकांची पत्रे येतात. नोकरीसाठी एकटे राहणारे, आईवडिलांचे दुखणे एकट्याने काढणारे, भंवरकुआँ भागात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तरुण. त्यांना खाते द्यायला कोणी नाही. त्यांनी कामांची संख्याच कमी करावी: जेवणाचा डबा लावावा, आठवड्यातील एक संध्याकाळ अभ्यास वा कामाविना ठेवावी, आणि दिवसातून एकदा तरी कोणाशी तरी प्रत्यक्ष बोलावे, मग तो मेसमधला शेजारी असला तरी चालेल. आणि कोणालाही दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटेनासा झाला असेल, रोज रडू येत असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर तो रोजचा ताण समजून थांबू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे; १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनाशुल्क समुपदेशकाशी बोलता येते. छातीत दाब येऊन तो हातात किंवा जबड्यात उतरत असेल, घाम फुटत असेल, तर मात्र ताणाचा विचार न करता थेट रुग्णालय गाठावे. ताई, हे तुम्हालाही लागू आहे: तुमच्या जबड्याचे दुखणे सकाळचे आणि दातांचे वाटते, पण ते चालताना किंवा जिना चढताना होऊ लागले तर वाट पाहू नका.

राहिला नोकरीचा प्रश्न. चार तासांच्या झोपेवर असे निर्णय घेऊ नयेत, एवढेच आज मी सांगेन. नोकरी सोडल्याने बँकेचे काम जाईल, पण पाणी, डबे, फी आणि गोळ्या यांची आठवण तुमच्याचकडे राहील, आणि "आता तू घरीच असतेस" या एका कारणाने उरलेली खातीही तुमच्याकडे येतील. मुलीचे पुढचे शिक्षण समोर आहे, स्वतःच्या नावावरचा पगार ही तुमच्या म्हातारपणाची तजवीजही आहे. दुसरीकडे, तुमच्या शाखेतील काम तुम्हाला मनापासून नकोसे झाले असेल, तर तेही खरे कारण आहे आणि त्याचा मान ठेवायला हवा. मात्र पत्रभर तुम्ही बँकेविषयी एकही कडू शब्द लिहिलेला नाही. मार्चअखेरची धावपळ संपू द्या, तपासण्यांचे अहवाल येऊ द्या, दोन-तीन खाती दुसऱ्यांच्या हाती रुळू द्या. त्यानंतर मे महिन्यात, मुलांच्या सुट्टीत, सलग आठ दिवसांची अर्जित रजा घ्या. ती कोणाच्या लग्नासाठी किंवा कुळाचारासाठी न घेता नुसती झोपण्यासाठी घ्या. रजेच्या शेवटी शाखेत परतावेसे वाटते की नाही, ते पाहा आणि मला लिहा. बदली मागणे, घराजवळची शाखा मिळवणे किंवा खरोखरच राजीनामा देणे, यांपैकी तुमच्यासाठी काय योग्य आहे याचा विचार आपण तेव्हा पैशांच्या आकड्यांसह करू.